आखणी बाकी

टिण्ण.

स्टीलच्या पेल्याच्या कडेवर ब्रश वाजला आणि पूजाने मान वर केली. शनिवारची दुपार, घर इतकं गप्प की आत झोपलेल्या सासूबाईंचं घोरणंसुद्धा त्या आवाजाने क्षणभर अडखळलं. सात वर्षांची मनस्वी भिंतीला टेकून बसली होती. समोर ओळीने चौदा पांढरे गणपती.

"तुझं सोवळं पिवळं," ती पहिल्याला सांगत होती. "तुझं लाल. आज खिचडीत वाटाणे होते. मी काढून ठेवले. सात."

पूजाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. वर्गात एक अक्षर न बोलणारी तिची पोर इथे जेवणाचा हिशेब देत होती.

"ऐकलंस?" आतून सासूबाई, चंद्रावतीबाई, जाग्या झाल्या. "मातीशी बोलते. आमच्याशी बोलायला काय धाड भरलीय गो तिला?"

"आई, हळू. थांबेल ती."

"थांबतेय कसली! माझ्या औषधाच्या गोळ्या पण सांगितल्यान काल त्या मधल्या गणपतीला." पण आवाजात कौतुक होतं, ते काही लपलं नाही.

पेणच्या रामवाडीतल्या या गल्लीत सणाच्या आधीचे तीन-चार महिने माणसं भिंतीला घसटून चालतात. ओटीची मधली जागा मूर्तींची. कारखान्यातून कच्च्या मूर्ती येतात, बायका अंग, सोवळं, शेला रंगवतात. डोळ्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. ती आखणी जगनकाकांची. ते खिशात एकच बारीक ब्रश घेऊन येतात, डोळे आखतात आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन मूर्ती घेऊन जातो. या वेळचे चौदाही रोह्याला जायचे होते.

आणि रोहा म्हटलं की पूजाला शाळेतलं बोलणं आठवायचं. मुख्याध्यापक म्हणाले होते, "मनाली मॅडमच्या वर्गात बेचाळीस पोरं. हिला कसं सांभाळायचं? रोह्याला अशा मुलांची मुक्कामाची शाळा आहे. मंगळवारी दिपिका मॅडम येतात, या मुलांच्या खास शिक्षिका. त्या बघतील आणि लिहून देतील, इथे की तिथे."

पूजाच्या नवऱ्याची, निकेशची कंपनी रोह्यातच. "शिफ्ट सुटली की रोज जाऊन बघेन तिला," तो म्हणाला होता. "चांगली हाय म्हणतात शाळा."

"आणि झोपताना पाठीवर हात कोण ठेवणार? वॉचमन?"

निकेशने बुटाची नाडी दोनदा बांधली, दोनदा सोडली.

सोमवारी संध्याकाळी जगनकाका आले. ते आले की मनस्वी आत पळायची आणि टेम्पो जाईपर्यंत ओटीवर फिरकायची नाही. पूजाला वाटायचं, पोरीला त्यांच्या तंबाखूचा वास सोसत नाही. तिने भीत भीत तसं सांगितलंही होतं, आणि काका बिचारे आज बडीशेप चघळत आले होते.

"बघ मनस्वी, तुझ्यासाठी तंबाखूचा उपास धरलाय," ते म्हणाले आणि पहिल्या मूर्तीपुढे बसले.

मनस्वी पळाली नाही. शेवटच्या गणपतीशी बोलत राहिली. काकांनी पहिल्याचे डोळे आखले. तिने एकदा तिकडे पाहिलं, बोलणं अर्ध्यावर सोडलं, आपला पेला उचलला आणि आत गेली.

पूजा बघतच राहिली. तिला पळवणारा वास नव्हता. डोळे होते.

मंगळवारी शाळेत दिपिका मॅडम खुर्ची ओढून मनस्वीच्या अगदी समोर बसल्या. बाई प्रेमळ होत्या. हनुवटी धरून म्हणाल्या, "माझ्याकडे बघ, बाळा. नाव काय तुझं?"

मनस्वीने दोन्ही हात कानांवर घेतले. मॅडमनी पुन्हा विचारलं, पुन्हा. मग पेन उघडलं.

कागदावर पेन टेकायच्या आत पूजाच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तुम्ही समोर नका बसू!"

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. पूजाचे कान तापले, पण आता मागे सरून चालणार नव्हतं. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला उंदीर काढला. गणपतीच्या पायाशी असतो तो, बोटाएवढा, पांढरा, अजून डोळे न आखलेला. "शेजारी बसा. हिच्याकडे नको, याच्याकडे बघून विचारा. येडेपणा वाटंल तुम्हाला, पण एकदाच."

दिपिका मॅडम उठल्या आणि सरळ फरशीवर, मनस्वीच्या बाजूला बसल्या. उंदराकडे बघत म्हणाल्या, "काय रे, तुझं नाव काय?"

 पंखा तेवढा कुरकुरत होता.

"उंदीर," मनस्वी म्हणाली. "आखणी बाकी हाय."

"अस्सं! आणि तुला रंगवतं कोण?"

"मी. मनस्वी निकेश. रामवाडी. आई शेला करते, मी शेपूट."

दारात उभ्या मनाली मॅडमनी तोंडावर पदर धरला. "वर्षभर माझ्या वर्गात आहे ही," त्या पुटपुटल्या. "मी रोज समोर उभी राहून ओरडत होते हो."

दिपिका मॅडमनी खाली बसूनच कागद लिहिला आणि वाचून दाखवला: याच शाळेत, याच वर्गात. आठवड्यातून दोन दिवस त्या स्वतः येणार. बाकी दिवस मनाली मॅडमनी शेजारी बसून विचारायचं, हातात काहीतरी काम द्यायचं. कागदाकडे बघणाऱ्या पूजाला मध्येच अक्षरं दिसेनाशी झाली.

"पुढे हळूहळू डोळ्यांत बघायलाही शिकवू हं," निघताना मॅडम म्हणाल्या. "घाई नाही."

घरी आल्यावर पूजाने निकेशला फोन लावला. "इथेच!" एवढंच म्हणाली. पलीकडे मशीनच्या घरघरीत तो कुणाला तरी ओरडून सांगत होता, "माझी पोरगी बोलली रे!" चंद्रावतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली अर्धी नातीच्या तोंडात कोंबली.

ओटी रिकामी होती. सकाळीच टेम्पो येऊन गेला होता. जमिनीवर चौदा पांढरट गोल उरले होते. मनस्वी त्यांच्यामध्ये पाय टाकत, एकही न पुसता, पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसली. पूजा तिच्या शेजारी बसली, बाजूला, भिंतीकडे बघत. आता तिला ते जमायला लागलं होतं.

"आई."

"काय गो बाय?"

"डोळे झाले की टेम्पो येतो."

"व्हय."

मनस्वीने उंदराच्या कोऱ्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"मॅडम मला डोळे शिकवणार," ती म्हणाली. "मग माझा टेम्पो कधी येणार?"