शेजारची सीट

“हात ढिला सोडा, मॅडम! ढिला!”

पण तोवर विमान धावपट्टीवर आपटलं होतं. एकदा आपटून उडालं, पुन्हा आपटलं, आणि मग चाकांवर बसलं ते थेट डावीकडच्या गवताच्या दिशेने निघालं. शेजारच्या सीटवर बसलेल्या प्रशिक्षिकेने पेडल दाबून त्याला सरळ केलं, इंजिन कमी केलं आणि कपाळावरचे केस मागे सारले.

“तुम्ही ते कंट्रोल असं आवळून धरलंय, जसं काही ते पळून जाणार आहे.”

“इतक्या वर्षांनी हातात आलंय,” शिकणारी बाई म्हणाली. “सोडवत नाही हो.”

प्रशिक्षिकेला हसू आलं. वयाने ती हिच्या मुलीएवढी. दोघी एकमेकींना मॅडम म्हणत. एक वयाचा मान म्हणून, दुसरी विद्येचा. हँगरमधला मेकॅनिक म्हणायचा, या दोघी बोलायला लागल्या की कोण कोणाला शिकवतंय तेच कळत नाही.

विमान धावपट्टीच्या टोकाशी नेऊन उभं केल्यावर प्रशिक्षिकेने विचारलं, “तुम्ही काम काय करता म्हणालात?”

“कवळ्या बनवते.”

“दातांच्या?”

“दुसऱ्या कशाच्या असतात?”

“बरं, मग मेणात दात बसवताना जोर किती लावता?”

“जोर कसला? जोर लावला की रांग वाकडी झालीच म्हणून समजा. नुसता टेकवायचा. मेण गरम असतं, ते आपणहून धरतं.”

“मग इथेही तेच करा. विमान उतरवायला जाऊच नका. जमिनीच्या जरा वर नुसतं धरून ठेवा. त्याला बसायचं तेव्हा ते बसेल.”

पुढच्या फेरीत तिने कंट्रोल तीन बोटांत धरलं. विमान टेकलं तेव्हा धक्का बसला, पण सीटमधून उडाल्यासारखं झालं नाही. घरी जाताना गाडीत ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. नवरा गाडी चालवत होता. त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि गाणी लावली.

चोविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा उडायला शिकली होती. गावाबाहेरच्या छोट्या क्लबात, याच जातीच्या दोन सीटच्या विमानात. तेव्हाचे मास्तर म्हणजे जमदग्नी. विद्यार्थ्याचं चुकलं की ते ओरडत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत बसत, आणि त्याचीच जास्त भीती वाटे. एका शनिवारी ते म्हणाले, “मंगळवारी मी खाली उतरणार. तू एकटी एक फेरी मारून यायचंस.” शिकणाऱ्याच्या आयुष्यात याहून मोठा दिवस नसतो. शेजारची सीट रिकामी, आणि विमान पूर्णपणे आपल्या हातात.

सोमवारी वडील न्हाणीघरात पडले. मंगळवारी ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. वडिलांची उजवी बाजू गेली ती परत आली नाही. आईच्याने एकटीने उचलणं-बसवणं होत नव्हतं. मग घराजवळच्या दातांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, ते तिने धरलं. वडील गेले, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. कोणीही तिला उडू नकोस म्हणालं नाही. कोणी अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तसं काही घडलंच नाही; नुसतं राहून गेलं.

नवऱ्याला हे माहीत होतं, पण जुन्या फोटोतली माहिती असते तितपतच. तो शहर बससेवेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर एकदा दोघं एका लग्नाला गेले होते. मांडवावरून एक लहान विमान गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. हिने केली नाही. पानातलं जेवता जेवता म्हणाली, “इंजिन कमी केलंय. उतरतोय तो. जरा लवकरच कमी केलं मात्र.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “तुला न बघता कळलं?”

“आवाजावरून.”

“म्हणजे इतकी वर्षं विमान गेलं की तू कान देऊन ऐकतेस?”

“ऐकत नाही हो. ऐकू येतं.”

त्याने हातातला घास संपवला. पण पुढच्या आठवड्यात त्याने चौकशी केली, क्लब अजून चालू आहे का, वयाची अट आहे का. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही तिला अडवायचं सोडून तिची गाडी चालवताय?” तो म्हणाला, “मला तेवढंच येतं.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो तिला तिथे सोडायचा आणि कुंपणाच्या आत, हँगरच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. वर जायला मात्र तयार नव्हता. “माझी चाकं जमिनीवरच बरी,” म्हणायचा.

हळूहळू तिचा हात बसला. वारा आडवा असला की नाक कुठे ठेवायचं, शेवटच्या वळणानंतर किती उंचीवर असायला हवं, इंजिन कधी कमी करायचं, हे डोक्यात आठवायला लागत नव्हतं. जुनं कुठेतरी आत होतंच, त्यावरची धूळ झटकली गेली इतकंच. थंडी सरता सरता एका रविवारी तिने एकापाठोपाठ एक अशा सगळ्या फेऱ्या स्वच्छ उतरवल्या. प्रशिक्षिकेने हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

“मॅडम, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. ते आलं की मी खाली उतरणार.”

तिने नुसती मान हलवली. गाडीत बसल्यावर नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने रस्ता मोकळा असूनही हॉर्न वाजवला.

वैमानिकांना तपासणारे डॉक्टर वयस्कर होते आणि हसरे होते. डोळे झाले, कान झाले, रक्तदाब झाला. एका पायावर उभं करून झालं. मग छातीला तारा लावून आलेख काढला, तो पाहून त्यांनी पुन्हा काढला. नंतर एक दिवसभर ठोके नोंदवणारा पट्टा छातीला बांधून ठेवायला सांगितला. पट्टा बांधून ती कामावर गेली, कवळ्यांना पॉलिश केलं, घरी येऊन भांडी घासली. तिला काहीच जाणवलं नाही.

परत गेली तेव्हा नवरा सोबत होता. डॉक्टरांनी आलेख टेबलावर पसरला.

“तुमच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकतो.”

“अगं बाई!” ती म्हणाली. “तरुणपणी कोणाला बघून चुकला नाही, आणि आता?”

“मी इथेच बसलोय बरं का,” नवरा म्हणाला.

तिघंही हसले. हसू सरलं तरी डॉक्टर आलेखाकडेच बघत राहिले, आणि तेव्हा तिला कळलं.

“घाबरण्यासारखं नाही,” ते म्हणाले. “गोळी देतो. तुम्ही चाला, फिरा, काम करा, सगळं करा. पण कधी एखाद्या वेळी क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. जमिनीवर आली तर माणूस खुर्चीत बसतो. वर एकटं असताना...”

“कळलं.”

“सही नाही करू शकत मी.”

“आणि वर्षभराने? गोळ्या घेऊन?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुम्हाला उगाच आशेला लावणार नाही.”

तिने आलेखाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि डॉक्टरांचे आभार मानले. बाहेर आल्यावर म्हणाली, “येताना भाजी घ्यायची होती.” त्यांनी भाजी घेतली.

त्यानंतरच्या रविवारी ती घरीच राहिली. कपाट आवरलं. पुढच्या रविवारी पडदे धुतले. प्रशिक्षिकेला तिने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि पलीकडून “अरेरे” ऐकू आल्यावर “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं” असं तिचीच समजूत काढून फोन ठेवला होता. रडली नाही. कामात चूक नाही. फक्त वरून विमान गेलं की ती नळ सोडायची.

एके दिवशी संध्याकाळी नवरा कणीक मळत होता. निवृत्तीनंतर स्वयंपाकघर त्याने आपल्या ताब्यात घेतलं होतं. ती शेंगा सोलत समोर बसली होती.

“मला गाडीवरून काढलं ते आठवतं तुला?” त्याने विचारलं.

आठवत होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना बसच्या परवान्याला नजर कमी भरली म्हणून त्याला बसवरून उतरवून डेपोत टेबलावर बसवलं होतं. तेव्हा तो घरी काही बोलला नव्हता, आणि तिनेही खोदून विचारलं नव्हतं.

“पहिले काही दिवस मी टेबलावरून उठलोच नाही,” तो म्हणाला. “खिडकीतून गाड्या दिसायच्या म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचो. मग एकदा धुवायच्या रांगेतली एक गाडी आडवी लागली होती, ड्रायव्हर चहाला गेलेला. मी गेलो, बसलो, आणि नेऊन लावली. डेपोच्या आतल्या आत. प्रवासी नाही, रस्ता नाही, काही नाही. नंतर रोज एखादी लावायचो. सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोललं नाही.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं?” त्याने कणकेवर ताट झाकलं. “पण स्टीअरिंग हातात यायचं गं.”

तिने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग म्हणाली, “रविवारी सकाळी गाडीत हवा बघून घ्या. मागचं चाक बसलंय.”

प्रशिक्षिका हँगरच्या दारातच भेटली. ती काही बोलणार तोच ही म्हणाली, “मला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्या शेजारी बसून उडवायला चालतं का?”

“माझ्या शेजारी बसायला कोणत्याच डॉक्टरची सही लागत नाही.”

“मग सीट द्या.”

तिने विमानाभोवती नेहमीसारखी फेरी मारली. पंखांच्या कडांवरून हात फिरवला, तेल पाहिलं, चाकांशी वाकून पाहिलं. आत बसून पट्टा ओढला. इंजिन सुरू केलं. रेडिओवर स्वतःच बोलली. धावपट्टीच्या टोकाशी येऊन ती थांबली आणि सवयीने शेजारी पाहिलं. प्रशिक्षिकेने आपली सीट जाईल तितकी मागे ढकलली होती. पाय पेडलांवरून काढून खाली जवळ घेतले होते. हातांची घडी घातली होती, आणि तोंड पलीकडच्या खिडकीकडे होतं. हिला तिचा फक्त कान आणि वेणी दिसत होती.

“निघू का?” हिने विचारलं.

उत्तर आलं नाही.

तिने इंजिनचा दांडा पुढे सारला. विमान धावलं, हलकं झालं, जमीन सुटली. वर हवा स्वच्छ होती. डावीकडे वळली तेव्हा खाली नदीचं वळण, पाण्याची टाकी आणि हँगरचं छप्पर एकामागून एक सरकत गेलं. एका ठिकाणी विमान जरासं हललं. तिने तीन बोटांनी ते सावरलं. शेवटच्या वळणावर तिला वाटलं, आपण थोड्या उंच आहोत. कोणाला विचारावं असं वाटण्याआधीच तिने इंजिन कमी केलेलं होतं. धावपट्टी समोर येत गेली, रुंद होत गेली. जमिनीच्या जरा वर तिने विमान नुसतं धरून ठेवलं. वाट पाहिली. चाकं टेकली ती आवाजावरून कळली.

हँगरसमोर येऊन तिने इंजिन बंद केलं. पंखा दोन-चार वेळा फिरून थांबला. प्रशिक्षिकेने पट्टा सोडला, दार उघडलं, आणि ती पहिल्यांदा बोलली.

“मी उतरते, मॅडम. तुम्ही या सावकाश.”

ती उतरली, दार हळूच लोटून घेतलं, आणि मागे न बघता हँगरकडे चालत गेली.

नवरा पाण्याची बाटली घेऊन खुर्चीवरून उठला होता. अर्ध्या वाटेवर येऊन तो थांबला. विमानात ती एकटी बसली होती, शेजारची सीट रिकामी, पट्टा तसाच बांधलेला, तीन बोटांनी कंट्रोल हलकेच मागेपुढे करत, नजर समोर. तो तिथेच उन्हात उभा राहिला.