बॅटरीला बहार आणणारा बिजलीबाबा

मुलांनो, जरा मनानेच माझ्याबरोबर संत्र्यांच्या बागांच्या गावाला, रामाकोन्याला चला. साल आहे एकोणीसशे शहाऐंशी. संत्र्याच्या पेट्या भरायच्या मंडपात आज संत्री कमी आणि माणसंच जास्त. कुणी सायकलवर, कुणी बैलबंडीत एकेक काळी, जड बॅटरी आणली आहे. गावात वीज येते कमी, जाते जास्त. म्हणून दिवा आणि टीव्ही बॅटरीवर चालतात, आणि ती चार्ज करायला तालुक्याचं सौंसर गाठावं लागतं. पण आता सौंसर कशाला? बिजलीबाबा अवतरले आहेत ना!

बाबांपुढे एक लाकडी डबा. त्यावर काटा, लाल खूण म्हणजे बॅटरी रिकामी, हिरवी म्हणजे भरली. डब्याच्या तारांचे चिमटे बॅटरीला लावायचे. काटा लालवर. मग बाबा डब्यावरच्या पितळी ॐवर हात ठेवतात, डोळे मिटून पुटपुटतात, आणि काटा टुणकन हिरव्यावर!

"संत्र्याच्या झाडाले पाणी तोडून ताण देता ना?" बाबा गरजले. "मंगच बहार येते. तसाच बॅटरीले ताण द्या. आठवडाभर हात लावू नका!"

बागायतदारांनी माना डोलावल्या. ताण त्यांना कळत होता, म्हणून बाबाही खरा वाटला. कुणाचा दिवा थोडा वेळ पेटून विझलाच, तर बाबांचं उत्तर तयार, "घरात कोणी शंका घेतली?" वा! औषध लागू पडलं नाही, तर दोष रोग्याचा!

रघुनाथरावही बॅटरी घेऊन आले होते. थोरली मुलगी छाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नर्स प्रतिभाबाईंनी बजावलं होतं, "रात्री लाइट गेली तर दिवा पाह्यजे. अंधारात मी आई पाहू का लेकरू?"

धाकटी सुधा सातवीत होती. ती म्हणाली, "बाबूजी, बॅटरी सौंसरले नेऊ ना."

"गप बस व! काटा हिरव्यावर जाते, दिसून नाही राहिलं?"

"काटा त्याईचा हाय, बाबूजी. दिवा आपला हाय."

रघुनाथरावांची पाळी आली. बाबांनी डोळे मिटले. सुधाने अलगद दोन्ही चिमटे बॅटरीवरून काढले आणि शेजारच्या रिकाम्या पेटीच्या फळीला लावले. मंत्र चालूच. काटा हिरव्यावर!

"अरे बाप्पा!" कवडू बंडीवाला ओरडला. "पेटीत बिजली भरली! लावा आता हिच्यावरच टीव्ही!"

मंडप हसला. बाबांनी डोळे उघडले. "पोरीनं मंत्र बाटवला!"

"मंत्र बाटला, तं काटा काहून चढला, महाराज?" गर्दीतून प्रतिभाबाई पुढे आल्या आणि त्यांनी डबा उघडला. आत टॉर्चचे नवे सेल. पितळी ॐखाली बटण. दाबलं की काटा हिरवा, सोडलं की लाल. चिमट्यांच्या तारा तर आत कशालाच जोडलेल्या नव्हत्या!

बाबांना नेमकी तेव्हाच नागपूरची बस आठवली. डबा मात्र ते विसरले.

"पण ताण दिल्यावर दिवा जरासा पेटते, ते काय?" रघुनाथराव पुटपुटले.

"थकला माणूस घडीभर बसला की चार पावलं चालते, रघुनाथराव," प्रतिभाबाई म्हणाल्या. "म्हणून त्याचं पोट भरलं काय?"

मुलांनो, हे नीट लक्षात घ्या. उतरलेली बॅटरी पडून राहिली की थोडी सावरते, इतकंच. तिच्यात नवी वीज येत नाही. उलट तशीच ठेवली तर ती बिघडते. झाड जिवंत असतं, बॅटरी नसते. बागेतलं शहाणपण बागेत खरं, म्हणून ते सगळीकडे खरं ठरत नाही. कुणी काटा दाखवला तर त्याला नमस्कार करण्याआधी एवढंच विचारा, हा काटा खरं सांगतो कशावरून?

सुधाने हे नुसत्या बाबांनाच विचारलं नाही. सौंसरहून बॅटरी भरून आणल्यावर तिने भरदुपारी दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसून राहिली.

"दिवसा दिवा कायले जाळून राहिली व?" रघुनाथरावांनी विचारलं.

"किती वेळ पुरते ते पाहून राहिली."

सांज उतरली तरी दिवा स्वच्छ जळत होता. मध्यरात्री तो मंद व्हायला लागला तेव्हा सुधाने तार काढली आणि वडिलांना म्हणाली, "एक रात पुरते बॅटरी. आता परत भरून आणा. मंग ताईच्या खोलीत ठेवू."