दुसऱ्यांदा विचारणारी ओळ

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ओळ यंत्रात जात नसे. तिच्यापुढे कोड ठेवताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि ते पळताना बघून बाईसाहेबांना बरं वाटायचं.

कंपनी छोटी होती, तापमान नोंदवणारी यंत्रं बनवायची. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या ज्या थंड कपाटांत ठेवतात, त्यांच्या दारावर हे यंत्र बसतं आणि आतलं तापमान दिवसरात्र एका चिपमध्ये लिहीत राहतं. यंत्र आणि चिप यांच्यामध्ये बोलणी करणारा जो कोड असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या चिपचा ड्रायव्हर मुनीनं लिहिला होता.

मुनी हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर लोक एकमेकांकडे बघत, म्हणून मुनी. टेबलावरचा फोन वाजला की याला हमखास तहान लागायची आणि पाणी प्यायला तो थेट दुसऱ्या मजल्यावर जायचा. काम मात्र असं चोख, की नाव ठेवायला जागा नाही.

आणि घोडं पेंड खात होतं ते तिथंच. चाळणीनं त्याचा ड्रायव्हर सकाळी वाचायला घेतला, दुपार झाली तरी काही सापडेना. चहा घेतला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. तरी सापडेना. ‘ठीक आहे’ म्हणून मंजुरी देऊन टाकावी, तर हात धजेना. एवढा मोठा कोड आणि त्यात एकही खोट नाही? लोक म्हणतील, हिनं वाचलाच नाही. आपण आता निकामी झालो की काय, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

मग तिला ती ओळ दिसली. चिपला काही लिहायला दिलं की मुनीचा कोड तिला विचारायचा, झालं का? चिप ‘झालं’ म्हणाली, की लगेच खालच्या ओळीत तोच प्रश्न पुन्हा. ओळ जवळजवळ तशीच्या तशी, एका आकड्याचा काय तो फरक. तिचा जीव भांड्यात पडला.

असल्या बारीकसारीक गोष्टी लेखी नोंदवायच्या नाहीत, उठून जवळ जायचं आणि तोंडी सांगायचं, अशी त्यांच्या खोलीतली पद्धत होती. चारचौघांत माणसाची शोभा कशाला करायची? पद्धत चांगली होती आणि ती तिनंच पाडलेली होती. ती मुनीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

“अरे मुनी, एकदा झालं म्हणाली ना चिप? मग परत काय विचारतोस? बहिरी आहे का ती?”

मुनी हसला. “नाही ताई, ते दोन वेगळे...”

“कॉपी करताना राहून गेली असेल. होतं असं. काढून टाक आणि पाठव, लगेच मंजूर करते.”

त्यानं कर्सर त्या ओळीवर नेला. मग म्हणाला, “काढतो.”

त्यानं ओळ काढली, तिनं मंजुरी दिली, आणि एक चूक सापडली या समाधानात ती वेळेवर घरी गेली. चिपचं माहितीपुस्तक तिच्या टेबलावरच पडलेलं होतं. ते उघडायचे कष्ट काही तिनं घेतले नाहीत.

पुढे काही महिन्यांनी एका रक्तपेढीतली वीज गेली. वीज गेली की यंत्र आपल्या इवल्याशा बॅटरीवर शेवटच्या काही तासांच्या नोंदी चिपमध्ये लिहितं, आणि ड्रायव्हर ‘लिहून झालं’ म्हणाला की स्वतःला बंद करून घेतं. इथं ड्रायव्हर घाईनं ‘झालं’ म्हणाला. चिपचं लिहिणं अर्ध्यावर होतं आणि यंत्र बंद पडलं. वीज परत आली तेव्हा ते तास कोरे. कपाट बहुधा थंडच राहिलं असणार, पण बहुधा या शब्दावर कुणी कुणाच्या अंगात रक्त चढवत नाही. दोन कपाटं भरून पिशव्या फेकून द्याव्या लागल्या. कुणी कामावरून रजा काढून दिलेलं रक्त, कुणी सुईकडे न बघता डोळे गच्च मिटून दिलेलं.

बातमी आली तेव्हा चाळणीनं पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. स्वच्छ लिहिलेलं होतं. चिप दोनदा ‘झालं’ म्हणते. पहिल्याचा अर्थ, तुमचं पान माझ्या हातात आलं. दुसऱ्याचा अर्थ, ते पान मी आत लिहून ठेवलं. मुनी दोन्ही विचारत होता. मान वर करून मुनीकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

घरी नवरा सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला चिपमधलं काही कळायचं नाही. पण बायकोचं तोंड वाचता यायचं. तिनं सगळं सांगितलं.

“मग सांगून टाक की साहेबांना,” तो म्हणाला.

“इतकं सोपं आहे का ते? ड्रायव्हरचं काम काढून घेतील, अशी कुजबुज आहे.”

“कुणाचं? तुझं की त्याचं?”

“त्याचं.”

“मग तू कशाला घाबरतेस?” त्यानं विचारलं, आणि पायमोज्याचा जोडीदार शोधायला लागला. तिला स्वतःचीच शरम वाटली.

साहेबांनी तिघांचीच बैठक घेतली. मुनी खाली मान घालून बसला होता. तिला वाटलं होतं साहेब आगपाखड करतील. पण ते थकलेले दिसत होते.

“चिप नवी, पुस्तक किचकट,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा विचारायचं याला माहीत नव्हतं. माहीत नसणं मी समजू शकतो. समज देतो आणि विषय संपवतो. मुनी, ड्रायव्हर तूच दुरुस्त कर.”

संपलंच होतं. मुनी वाचला होता, ती वाचली होती, गप्प बसणं तेवढं बाकी होतं. पण रात्र रात्र उरावर घेतलेला धोंडा तिला आता उतरवून ठेवायचा होता, आणि कुठं उतरवतोय हे काही तिनं पाहिलं नाही.

“साहेब, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “ती ओळ यानं लिहिली होती. मी काढायला लावली.”

साहेब मुनीकडे वळले. “खरं?”

मुनीला खोटं बोलायची सवय नव्हती. “हो.”

“ती ओळ कशासाठी आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“काढली तर काय होईल, तेही?”

“वीज गेली तर घोळ होईल, असं वाटलं होतं,” मुनी म्हणाला. “पण ताई म्हणाल्या. म्हटलं, ताई चुकायच्या नाहीत, माझंच काहीतरी समजण्यात चुकत असेल.”

साहेबांचा चेहरा बदललेला तिला दिसला, आणि आपण काय करून बसलो ते तिला त्याच क्षणी कळलं.

“साहेब, यानं सांगायचा प्रयत्न केला होता. मीच पुरतं बोलू दिलं नाही.”

“तुम्ही कबूल केलंत, हा तुमचा मोठेपणा आहे,” साहेब म्हणाले. “पण तुम्हाला माहीत नव्हतं. याला माहीत होतं आणि हा गप्प बसला. रक्ताच्या कामात गप्प बसणारा माणूस मी ड्रायव्हरवर ठेवू शकत नाही. उद्यापासून ड्रायव्हर तुमच्याकडे.”

ती पुष्कळ बोलली. गयावया केली म्हटलं तरी चालेल. साहेबांनी ऐकून घेतलं आणि निर्णय काही बदलला नाही. मुनीला बोलायची सवय लागावी, म्हणून त्याला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं.

बाहेर आल्यावर तिनं त्याला गाठलं. “मुनी, मला माफ कर रे. मला तुला वाचवायचं होतं.”

“जाऊ द्या ताई,” तो म्हणाला. “मी तेव्हाच बोलायला हवं होतं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ती ओळ परत घातली, एका आकड्याच्या फरकासकट. कोडच्या इतिहासात आता त्या ओळीपुढे तिचं नाव लागलं. नव्या कोडची यंत्रं रवाना झाली, साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि ते ऐकताना आपल्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

मुनीचं टेबल आता काचेच्या पलीकडे होतं. एकदा ती त्याच्याकडे चहा घेऊन निघाली. फोन वाजला. त्याचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला, थांबला, आणि त्यानं रिसीव्हर उचलला. रक्तपेढीचाच फोन असावा. पलीकडचा माणूस ओरडत होता ते तिला दारातही ऐकू येत होतं. मुनीच्या कपाळावर घाम आला होता.

“हो, चूक माझीच होती,” तो अडखळत म्हणाला. “नाही, आता नाही होणार. ड्रायव्हर आता आमच्या ताईंकडे आहे. खरंच सांगतो, त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. मीसुद्धा ठेवतो.”