नखभर हिरवं

मी एक जुना दांडा आहे, कुऱ्हाडीचा. मित्रांनो, माझ्यावरची म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल, गोतास काळ वगैरे. मीही ती ऐकून होतो आणि मनातल्या मनात हसायचो. म्हटलं, आपल्याकडून असलं काही व्हायचं नाही.

परसातल्या झाडाची एक फांदी वादळात मोडली, तिच्यातून आप्पांनी मला घडवलं. काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलं, तेल पाजलं. पडलेल्या फांद्या, वाळके ओंडके फोडायला ते मला न्यायचे. उभ्या झाडाला मात्र त्यांनी मला कधी लावलं नाही. "हातात कसा बसतो बघ, घरचाच आहे," असं ते लेकीला, म्हणजे अक्काला सांगायचे, तेव्हा मी फुलून जायचो. आप्पा गेले आणि मी न्हाणीघराच्या दारामागे पडलो. बारा वर्षं तिथे कोळिष्टकं पांघरून होतो.

मग अक्काचा धाकटा भाऊ निवृत्त होऊन घरी राहायला आला. कचेरीतल्या सवयीने सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात. लहानपणापासून शिक्षणासाठी बाहेरगावी, पुढे तीस वर्षं नोकरीत; हा गृहस्थ घरी यायचा तो फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, झाड भरगच्च असताना. थंडीतलं झाड त्याने पाहिलंच नव्हतं.

त्या थंडीत अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे गेली होती. भाऊसाहेबांनी परसात पाहिलं, तर झाडावर एक पान नाही.

"वठलं की हे. उद्या न्हाणीघरावर कोसळायचं," ते म्हणाले.

लाकूडतोड्याला निरोप गेला. त्याने कळवलं, "सोमवारी येतो. मी बघितल्याशिवाय हात लावू नका." पण भाऊसाहेबांना धीर कुठला! अक्का परत यायच्या आत तिच्या आंघोळीच्या पाण्यासाठी वर्षाचं सरपण रचून ठेवायचं होतं. हेतू चांगला होता हो, त्याचंच तर वाईट वाटतं.

त्यांनी मला दारामागून बाहेर काढलं. पहिला घाव बसला आणि मी हादरलो. वाळलेलं लाकूड टणटण वाजतं, हे बदकन वाजलं. पातं ओलं झालं. झाड जिवंत होतं, आणि त्याच्यावर मीच पडत होतो. मला ओरडायचं होतं, पण दांड्याला तोंड कुठलं? भाऊसाहेबांना वाटलं, दव मुरलं असेल. दोन मजूर मदतीला होते. शनिवार-रविवारात झाड मुळासकट गेलं.

सोमवारी लाकूडतोड्या आला. त्याने पडलेल्या फांदीची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली. आत हिरवंगार.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "झोपलेल्याला मेलेला समजलात."

भाऊसाहेब मला हातात घेऊन तिथेच ओंडक्यावर बसले.

अक्का आली ती थेट परसदारी. आधी तिने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. तिला वाटलं, ऑपरेशनच फसलं.

"अरे, पानगळ होती ती," ती म्हणाली.

"अक्का, मी कधी पाहिलीच नव्हती गं."

महिन्याभराने रचलेल्या ओंडक्यांना कोंब फुटले. खरं सांगतो, सरपणाच्या ढिगावर कोवळी पानं! अक्का रोज सकाळी त्यांच्यावर तांब्याने पाणी घालू लागली. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब तिच्यामागे बादली घेऊन उभे राहायचे. आठ दिवसांनी पानं करपली. तेव्हा कुठे झाड खरोखर मेलं.

लाकूड आता वाळलं आहे, छान पेटतं. अक्का मात्र हल्ली गार पाण्याने आंघोळ करते.

मित्रांनो, मला खुशाल शिव्या द्या. पण मला उचलण्याआधी एकदा नखाने साल खरवडून बघा. नखभर जरी हिरवं दिसलं, तरी मला दारामागेच राहू द्या. तिथे मी बरा होतो.