दोन खुर्च्यांचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आरसा कधी बोलतो का? जन्मभर दुसऱ्यांची तोंडं दाखवून झाली की एक दिवस आपलंही तोंड उघडावंसं वाटतंच. आणि मध्यंतरी बोलक्या आरशांचा एवढा गवगवा झाला, की गप्प राहणाऱ्याला लोक फुटका समजू लागले.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली आणि तिची काच झाली. तोवर मी नुसती काच होतो, माझ्यातून पलीकडचं दिसायचं. मग एका कारागिरानं मला पालथं निजवलं, पाठीला चांदीसारखा मुलामा दिला आणि वर तांबडा रंग फासला. पाठ बंद झाली तसं जग माझ्यापाशी येऊन मागे वळू लागलं. त्या दिवसापासून मी आरसा.

गोधड्यांत गुंडाळून, हातगाडीवर निजून मी या केशकर्तनालयात आलो. मला विकत घेणारा माणूस दोन मुलांचा बाप होता. काचवाल्यानं त्याला विचारलं होतं, "खुर्ची तर एकच म्हणता, मग एवढा लांब आरसा कशाला?"

"मुलगे दोन आहेत ना," बाप म्हणाला. "एकाच्या शेजारी एक उभे राहतील."

आणि तसंच झालं. बाप थकला, दुसरी खुर्ची आली. एका खुर्चीमागे थोरला, दुसरीमागे धाकटा. एकाच लांब काचेत दोन्ही भाऊ. तुम्ही पाहिलं असेल, केस कापताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. बसणारा पुढे, कापणारा मागे. दोघंही माझ्याकडे बघतात आणि बोलणं माझ्यातून ये-जा करतं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी गेली, सगळं आधी मला कळायचं. थोरल्या-धाकट्याचं तर डोळ्यांनीच चाले. थोरल्यानं भुवई उचलली की धाकटा त्याला वस्तरा द्यायचा. दर पंधरवड्याला दुकान बंद केल्यावर ते एकमेकांचे केस कापत. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या हाताशिवाय गत्यंतर नाही.

लोक माझं कौतुक करायचे. "काय लख्ख आरसा आहे! चार वर्षांनी तरुण दिसतो माणूस." मी फुलून जायचो. थोरल्याची बायको, सगळ्यांची वहिनी, सकाळी मऊ कापडानं मला पुसायची आणि स्वतःशीच गुणगुणायची,

पाण्याचा आरसा, वाऱ्यानं मोडतो
माणसाचा आरसा, शब्दानं तडकतो

मला वाटायचं, हे कुठल्या तरी दुसऱ्या आरशाविषयी आहे.

मग दुकानात फोन आला. तारेचा नव्हे, हातात मावणारा, चकचकीत. मित्रांनो, खरं सांगतो, पहिल्याच दिवशी माझ्या पोटात दुखलं. तळहाताएवढा जीव, पण खुर्चीत बसलेला माणूस मला सोडून त्याच्याकडे बघू लागला. मी समोर भिंतभर उभा, आणि मान मात्र खाली! थोरला ओरडायचा, "मान वर करा हो, कान जाईल." मान वर यायची, क्षणभर माझ्याकडे बघायची, की पुन्हा खाली. सगळ्यात मोठा अपमान पुढेच होता. सगळ्यांना बातम्या दिसाव्यात म्हणून धाकट्यानं तो फोन फळीवर उभा केला, माझ्याच छातीला टेकवून.

तेव्हापासून दुकानात रोज नव्या यंत्रांच्या बातम्या. कुठल्याशा कंपनीनं बिनचालकाची गाडी काढली, तर टॅक्सीवाला म्हणाला, "चालवेल ती. पण मागे बसलेल्याच्या सासूच्या तक्रारी कोण ऐकणार?" यंत्र आता चित्रं काढतं, पत्रं लिहितं, म्हटल्यावर बेकरीवाला म्हणाला, "पहाटे उठून पाव भाजायला लागलं की मला उठवा. नको, उठवू नका." कुठे हजारो संगणकवाल्यांना एका फटक्यात घरी बसवलं, तर एक जण समाधानानं पाय लांब करून म्हणाला, "बरं झालं. आमच्या साडूच्या मुलाच्या पगाराचे आकडे ऐकून ऐकून कान किटले होते." सगळे हसले. माझ्यात तेव्हा सगळ्यांचे चेहरे होते, म्हणून सांगतो, हसताना प्रत्येकाच्या डोळ्यांत थोडंथोडं जळत होतं. हेवा करणारा मी काही एकटाच नव्हतो.

आणि एक दिवस ती बातमी आली. बोलका आरसा! त्याच्यासमोर बसलं की तो तुमचा चेहरा मोजतो, शंभर तऱ्हांचे केस तुमच्या डोक्यावर लावून दाखवतो आणि तुम्हाला काय शोभेल ते गोड आवाजात सांगतो.

"खरं बोलतो की गोड बोलतो?" निवृत्त गुरुजींनी खुर्चीतून विचारलं. "खरं बोलत असेल तर पहिल्याच दिवशी फुटेल."

"आमच्या घरी सगळेच बोलतात," बेकरीवाला म्हणाला. "एक आरसा तेवढा गप्प होता, त्यालाही वाचा दिली मेल्यांनी!"

दुकान खदखदून हसलं. धाकटा हसला नाही. त्याचे डोळे फोनला चिकटले होते. "दादा, आपण घेऊया," तो म्हणाला. "रांग लागेल बघ."

आता हे तुम्हाला सांगायला हवं, की रांग धाकट्याकडे आधीच लागत होती. त्याचा हात हलका आणि नजर नवी. थोरल्याची खुर्ची रिकामी असली तरी लोक बाकावर थांबायचे, "चालेल, धाकट्याचं होऊ दे." थोरला तेव्हा फणीतले केस काढत उभा राहायचा. पाठ गिऱ्हाइकांकडे असली तरी तोंड माझ्याकडे असायचं. ते तोंड मी कोणाला दाखवलं नाही.

त्या दिवशी तो म्हणाला, "माझ्या दुकानात असली थेरं चालणार नाहीत."

धाकट्याची कात्री थांबली. "तुझ्या?"

थोरल्यानं शब्द मागे घेतला नाही. गिऱ्हाइकं बघत होती ना. धाकट्यानं हातातलं डोकं पुरं केलं, फणी धुऊन जागेवर ठेवली आणि तो पायरी उतरला. मला तडा गेला नाही. पण वहिनीचं गाणं कोणासाठी होतं, ते मला कळलं.

थोड्याच दिवसांत रस्त्यापलीकडे, अगदी दारासमोर, धाकट्याचं नवं दुकान उघडलं. आणि त्यात तो! बोलका आरसा! आरसा कसला, पडदाच. आत कॅमेरा, कडेनं निळे दिवे. मित्रांनो, आता माझी गत ऐका. माझं तोंड दाराकडे. दाराबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे तो. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे तुम्ही पाठ फिरवू शकता, डोळे मिटू शकता. मला पापणी नाही. सकाळी शटर वर गेलं की तो माझ्या पोटात येऊन बसायचा आणि दिवसभर मीच त्याला दाखवत राहायचो, लखलखीत. लोक त्याच्यासमोर बसून खुदुखुदु हसत. गुरुजीसुद्धा तिकडे गेले! जाताना आमच्या दारावरून छत्री आड धरून गेले, आणि ऊन तर मागच्या बाजूला होतं.

मी जळत होतो आणि थोरलाही जळत होता. दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल नि जुन्या वर्तमानपत्रांची चळत साठली. दोन्ही भावांचे केस वाढून कानांवर आले. कोणाकडे जाऊन कापून घेणार? एक दिवस दुपारी दुकानातच जेवता जेवता थोरला म्हणाला, "मीही आणतो बोलका. त्याच्यापेक्षा मोठा. सांगून आलोय यंत्रवाल्याकडे."

"आणि हा?" वहिनीनं माझ्याकडे बोट केलं.

"हा भंगारात. कोण बघतंय याच्यात?"

वहिनी म्हणाली, "तुम्ही बघता. दिवसभर बघता. यातून समोरचं दुकान."

थोरल्यानं ताट सारलं. पण त्याचा बेत बदलला नाही. मी दिवस मोजत भिंतीवर राहिलो. मला कोणी पुसेना, वहिनीनंही रागानं कापड टाकून दिलं होतं.

मग एका सकाळी, धाकट्यानं मागेच ठेवलेल्या, माझ्या छातीला टेकलेल्या त्या फोननंच बातमी दिली. बोलका आरसा बनवणाऱ्या कंपनीला तोटा झाला. कंपनीनं तो विभागच बंद केला. विकलेले सगळे आरसे आजपासून बंद, कारण त्यांची बुद्धी म्हणे कुठल्या तरी दूरच्या इमारतीत होती आणि तिथले दिवे मालवले होते.

"जिरली का आता!" बेकरीवाला थोरल्याच्या हाताखाली बसल्या बसल्या ओरडला. "बोलका मुका झाला!"

अख्खं दुकान टाळ्या पिटू लागलं. आणि मी? मला हात असते तर सगळ्यात जोरात मी पिटल्या असत्या. माझ्या पोटात समोरचे निळे दिवे विझले आणि त्याची काच तव्यासारखी काळी पडली. मी मनात म्हटलं, बोल की आता. बोल!

तेवढ्यात माझ्यातच दिसलं, धाकटा रस्ता ओलांडून येत होता. त्याच्यामागे गुरुजी, गळ्यात पांढरं कापड, हातात छत्री. डावीकडून गुरुजी नीटनेटके होते आणि उजवीकडून झुडूप.

धाकटा पायरीवर थांबला. "दादा, आरसा हवा होता. कानांजवळचे दोन्ही कल्ले जुळवायचेत. गुरुजी बघितल्याशिवाय कात्री लावू देत नाहीत."

बेकरीवाल्यानं संधी साधली, "का रे, तुझा पोपट पढवलेलं विसरला?"

हशा पिकला. मीही हसलो. पण हसता हसता मला थोरल्याचा चेहरा दिसला, आणि शेजारीच, कितीतरी दिवसांनी, धाकट्याचा. दोघांचे कपाळावर आलेले केस सारखे, दोघांचे ओढलेले गाल सारखे. एक हरला होता आणि एक जिंकला होता, असं लोक म्हणत होते. मला त्यातला कोणता कोण, ते ओळखता येईना.

वहिनी डबा घेऊन मागून आली. "भाऊजी, दारात काय उभे राहिलात? गुरुजींचं अर्धं डोकं रस्त्यावर वाळत घालायचंय का?"

थोरल्यानं दुसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल उचलले. वर्तमानपत्रं उचलली. हातानंच बैठक झटकली. गुरुजी टुणकन बसले.

पुन्हा दोन कात्र्या चालू लागल्या. एक इकडे, एक तिकडे, पाखरं दाणे टिपतात तशा. बऱ्याच वेळानं थोरला माझ्याकडे बघत म्हणाला, "उजवा कल्ला केसभर खाली आहे."

"दिसतोय मला," धाकटाही माझ्याकडेच बघत म्हणाला.

"दिसतोय तर कर की वर."

"तुमचं भांडण चालू द्या," गुरुजी म्हणाले, "पण माझा कल्ला मध्ये ओढू नका."

धाकटा हसला. थोरल्याला हसायचं नव्हतं, पण माझ्यात त्याचे ओठ हलले ते मी लपवले नाहीत.

गिऱ्हाइकं गेली. धाकट्यानं कापड झटकून घडी घातली. "तूही बोलका आणणार होतास म्हणे?"

"तुला जळवायला."

"मी आधीच जळत होतो," धाकटा म्हणाला. "रांग होती समोर, पण सगळे त्या पडद्याशीच बोलायचे. मागे मी उभा आहे हे त्यात दिसायचंच नाही. नुसतं गिऱ्हाईक दिसायचं. इथून तुमचं हसणं ऐकू यायचं."

थोरल्यानं माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. किती दिवसांनी हात लागला! "हा दोन खुर्च्यांचा आहे," तो म्हणाला. "तुझं दुकान तू मोडू नकोस, छान चाललंय. अर्धा तू ने."

"कापायचा? बाबांचा आरसा? आणि फुटला तर?"

"फुटला तर दोघांचाही फुटेल."

मित्रांनो, ते ऐकून माझी भीतीनं काय अवस्था झाली ते विचारू नका. जुनी काच हट्टी असते, कुठे तडकेल सांगता येत नाही. काच कापणारा आला. मला भिंतीवरून उतरवून गोधड्यांवर निजवलं. वहिनीनं मला पुसलं, अगदी कोपऱ्यांपर्यंत. दोन्ही भावांनी मला दोन बाजूंनी धरलं, आणि मी छताकडे बघत पडलो असताना त्यांचे दोन चेहरे माझ्यावर वाकले, श्वास रोखलेले. हिरा बसवलेलं टोक माझ्यावरून किरकिरत गेलं. कारागिरानं खालून हलकेच ठोकलं. टक्.

फुटलो नाही. दोन झालो.

आता मी इकडे आहे आणि मीच तिकडेही आहे. दर पंधरवड्याला एक भाऊ रस्ता ओलांडतो, कधी हा, कधी तो, आणि केस कापून घेऊन परत जातो. बेकरीवाला अजून रोज नव्या यंत्राची बातमी आणतो आणि अजून नाक मुरडतो. फोनसाठी मात्र वहिनीनं बाजूला खिळा ठोकून पिशवी टांगली आहे.

हेवा माझा गेला का? खोटं कशाला बोलू, मी आरसा आहे. तिकडच्या अर्ध्याला सकाळचं कोवळं ऊन मिळतं, आणि मला उतरत्या दुपारचं कडक. तिकडे गिऱ्हाइकं जास्त. ते पाहून मला वाईट वाटतं, आणि मग आठवतं, की तोही मीच. असा हेवा बरा असतो, आपलंच पोट दुखतं आणि आपलंच भरतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी तुमच्याहून गोरं, हुशार, लाडकं असेल. त्याच्याकडे दुरून बघत बसू नका. जवळ जा, आणि दोघं मिळून एकदा आरशात बघा. आणि आम्हा जुन्या आरशांना मऊ, कोरड्या कापडानं पुसत जा. पाठीला पाणी लागू देऊ नका, डाग पडतात. माझी कापलेली कड कारागिरानं घासून दिली आहे, तरी तिच्यावरून बोट फिरवताना जपा. तिला अजून थोडी धार आहे.