समासातली पेन्सिल

मी एक जुनी, पेन्सिलीने गोंदलेली कादंबरी आहे. जन्म स्वस्त कागदावर झाला, नशिबी आली यॉर्कशायरची एक शाळा. माझ्या पोटात ऑगस्टा राहते. काका तिला दलदलीतल्या हवेलीत कोंडतो, ती भीतीने अंथरूण धरते आणि शेवटी बरी होते. होते की नाही, यावरच परीक्षेत प्रश्न येतो. म्हणून मित्रांनो, मला उघडतात सगळे, वाचतात थोडे.

हुशार मुलं समासात टिपा लिहीत, बाकीची त्यांवर पास होत. एका टिपेचा फार बोलबाला होता. छापील ओळीवरच ठळक लिहिलेली: ‘ऑगस्टा बरी होत नाही, गप्प होते.’

यंदा मी जिच्या हाती होते ती इमोजेन हिवाळाभर इस्पितळात होती. परतली तेव्हा ताटाला हात लावीना. ती टीप मात्र रोज वाची, जणू डॉक्टरचा निकाल.

आमच्याकडे परीक्षेला पुस्तक नेता येतं, पण कोरं, टिपांशिवाय. हॉलच्या दारातच पहाऱ्यावरच्या अ‍ॅक्रॉइडबाईंनी मला चाळलं.

“इमोजेन, ही प्रत आहे का शाळेची भिंत?”

“पेन्सिलच आहे, मिस.”

“नखाचा ओरखडाही चालत नाही. दार लागायच्या आत पूस, नाहीतर ही बाहेर आणि तू आत.”

“मग मी लिहू काय?”

“ते आत छापलंय, पोरी. बघ कधीतरी.”

खोडरबर फिरू लागला. बाकीचे आत गेले. माझे कागद चुरगळत होते. शेवटी ती टीप उरली. इमोजेन थांबली. बाईंनी दाराच्या कडीला हात घातला. मग तिने दात आवळून घासलं, आणि खालची छापील ओळ वर आली: ऑगस्टाने दुसरं अंडं मागितलं, आणि ते गार आहे म्हणून कुरकुर केली.

“मिस, ही तर कुरकुर करतेय.”

“बरं मग?”

“गप्प नाही झाली.”

“मला काय सांगतेस? आत जा.”

पेपर सुटल्यावर बाई दारातच होत्या. “काय लिहिलंस?”

“कुरकुर करते म्हणजे बरी होतेय, असं.”

“मार्क मिळतील?”

“माहीत नाही. जेवायला काय आहे आज?”

“मटण-बटाटा. गारढोण असेल.”

“मग तक्रार करते,” म्हणत ती निघाली.

मित्रांनो, माझं ते पान आता कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ उरलंय, जपून उलटा. आणि मत सुचलं तर आपल्या वहीत लिहा. माझ्या अंगावर लिहिलेलं पुढच्याला छापील वाटतं.