खालचं टोक

जिन्यावरून सामान चढवताना दोन टोकं असतात. वरच्या टोकाचा माणूस पाठमोरा चढतो, वाट बघतो आणि तोंड चालवतो. खालचा गप्प असतो. सगळं वजन त्याच्या अंगावर आलेलं असतं, बोलण्यात श्वास घालवायला तो काय वेडा आहे? त्याला एकच शब्द बोलायची मुभा. "टेक." म्हणजे ठेव खाली. तोसुद्धा जिना वळतो तिथे, सपाटीवर. अधल्यामधल्या पायरीवर टेक म्हणायचं नाही, कारण तिथे टेकवायला जागाच नसते.

क्रेन एकोणीस वर्षं खालचा होता. इतक्या वर्षांत त्याने तो शब्द सपाटीवरसुद्धा वापरला नव्हता.

क्रेन हे नाव सामान हलवणाऱ्या कंपनीच्या गोदामाने ठेवलेलं. एकशे एकतीस किलोचा गडी, फ्रिज असा उचलायचा की झोपलेलं पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतोय. वरच्या टोकाला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काटकुळा, पण तोंडाचा पट्टा कायम चालू. "दाजी, तुम्ही खाली असलात की मी नुसता हात लावून चालतो. फोटोत दिसावं म्हणून."

बरं चाललं होतं. फक्त झोपेत क्रेनचा श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम बंद. बायको उठून बसायची, त्याच्या छातीकडे बघत राहायची, आणि श्वास परत आला नाही की कोपराने ढोसायची. दोन वर्षं ती धड झोपली नव्हती. शेवटी तिनेच त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गळ्याभोवती चरबी. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं, पोटावर टेकवायचं आणि दाबायचं. दर शुक्रवारी.

तिसऱ्या आठवड्यात भूक गेली. कमी झाली असं नाही, निरोप न घेता घर सोडून गेलेल्या भाडेकरूसारखी गेली. पूर्वी ताट भरून जेवायचा आणि वर बायकोच्या ताटातलं उचलायचा. आता चार घासांनंतर अन्नाकडे बघवायचं नाही. सात महिन्यांत सत्तावीस किलो उतरले. घोरणं थांबलं. बायको झोपायला लागली, इतकी गाढ की सकाळी तिलाच हाका माराव्या लागायच्या.

डॉक्टर म्हणाले होते, सोबत व्यायाम हवा, झेपेल तो निवडा. क्रेनने चालणं निवडलं. लगेच, विचार न करता. आता बघा, ह्या माणसाच्या हातात चौदाव्या वर्षापासून चालताना काहीतरी होतंच. खुर्ची, खोकं, गादी, कुणाचं तरी कपाट. रिकाम्या हातांनी चालणं त्याला त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं. उजाडता उजाडता तो बागेच्या बाहेरच्या रस्त्याला लागायचा, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि सात किलोमीटर झाल्याशिवाय परत यायचा नाही. गुडघे दुखत नव्हते, दम लागत नव्हता. रोज चालणारे दोन निवृत्त काका त्याला बघून अंगठा दाखवायचे. क्रेनही दाखवायचा. येडा खूश होता.

मग डॉक्टरांनी त्याला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे जेमतेम पंचविशीची पोरगी, मनगटं अशी की क्रेनला वाटलं, हिला दाराची कडी तरी उघडते का.

"व्यायाम काय करता, काका?"

"चालतो. रोज सात किलोमीटर."

"छान. आणि ताकदीचं काही? वजन उचलणं वगैरे?"

क्रेन हसला. शेजारी बसलेल्या बायकोला तर ठसकाच लागला. "अहो मॅडम," तो म्हणाला, "काल चार सोफे उचलले, दोन फ्रिज उचलले. एक व्यायामाचं मशीनच उचललं. मालकाने त्याच्यावर कपडे वाळत घातले होते."

पोरगी हसली नाही. तिने मुठीत धरायचं, पकड मोजणारं एक यंत्र त्याच्या हातात दिलं. "दाबा. जोरात." क्रेनने दाबलं. तिने आकडा वाचला, डॉक्टरांच्या तपासणीचा जुना कागद काढला, पुन्हा दाबायला लावलं.

"तीन महिन्यांपूर्वी एकेचाळीस होतं. आज एकतीस आहे."

"यंत्र बिघडलं असेल."

"काका, नुसती चरबी नाही उतरत आहे. स्नायूही उतरतायत."

"पण मी दिवसभर उचलतोच की!"

"ते काम आहे. कामात तुम्ही झिजता. व्यायामात थोडं उचलायचं, थांबायचं, खायचं, आराम करायचा. त्यातून स्नायू टिकतो. कामावर थांबू कोण देतं तुम्हाला?" मग ती वहीत लिहायला लागली. "चालणं निम्मं करा. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला, मी दाखवते. आणि खाण्यात अंडी, चिकन, दही, डाळ. आत्ता दिवसाला किती खाता?"

"आमच्या गल्लीतलं मांजर जास्त खातं," बायको म्हणाली.

बाहेर पडल्यावर क्रेनचं डोकं फिरलं. "दिवसभर उचलून यायचं आणि घरी येऊन पुन्हा उचलायचं! वॉचमनला कुणी सांगतं का, घरी गेलास की जरा दारात उभा राहा?"

"ओरडू नका, लोक बघतायत."

"बघू दे!"

पण एकतीस हा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. कारण गोदामात म्हाताऱ्या आणि मोडलेल्या माणसांसाठी एक जागा होती, तिला सगळे पुठ्ठा म्हणायचे. खोकी चिकटवायची, काचेची भांडी कागदात गुंडाळायची, दिवसभर स्टुलावर बसायचं. मुकादम परवाच म्हणाला होता, "काय रे, अर्धा राहिलास! खाली जमतंय ना अजून? नाहीतर पुठ्ठ्यावर बसवतो." सगळे हसले होते. क्रेनही हसला होता आणि म्हणाला होता, "खाली मीच."

म्हणून त्याने मॅडमचं ऐकलं. पाच लिटरचे दोन कॅन पाण्याने भरले आणि कामावरून आल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून उचलायला लागला. बायको ओट्याला टेकून आकडे मोजायची. सात, आठ, नऊ. नऊला दंड असे थरथरायचे की कॅनमधलं पाणी डुचमळायचं. ज्या हातांनी सकाळी कपाटं उचलली तेच हात.

त्यानंतर अंडी. दोन उकडलेली. पहिलं कसंबसं गेलं. दुसरं तोंडात नुसतं फिरत राहिलं, ओल्या मातीसारखं.

"गिळा."

"गिळतोय."

"बरं, अर्धं खा."

"नाही जात गं."

"पाव खा. माझ्यासाठी एक घास."

त्याने गिळलं, आणि बेसिनवर जाऊन सगळं परत केलं. पहिलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दही आणलं, तिसऱ्या दिवशी चिकनचं पाणी. चौथ्या दिवशी तिने पुन्हा वाटी पुढे केली आणि त्याने ती अशी ढकलली की फरशीवर फुटली. "पोटाला कुलूप लावलंय, किल्ली डॉक्टरकडे आहे! तू काय सारखी ठोठावतेस?"

बायको तुकडे गोळा करत होती. तिने वर न बघता विचारलं, "मग सोडायचं का इंजेक्शन?"

विचारलं आणि तीच घाबरली. ती छातीकडे बघत बसलेली दोन वर्षं दोघांनाही आठवली. तो काय म्हणणार? हो म्हटलं तर तिची झोप गेली. नाही म्हटलं तर हात गेले. उपाशीपोटी वजनं उचलून काही होत नाही, हे मॅडमने स्पष्ट सांगितलं होतं. आणि खायला सांगणारे आणि भूक मारणारे एकाच दवाखान्यात बसत होते, एक पहिल्या मजल्यावर, एक दुसऱ्या. क्रेनने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं खा, सहा वेळा खा, औषध मनाने बंद करू नका, पुढच्या महिन्यात बघू. डोस काय ते तेव्हा ठरवू.

पुढच्या महिन्यात.

शनिवारी कॅनमधलं पाणी कुंड्यांना गेलं. रविवारी क्रेन पुन्हा चालायला गेला. चालण्याला खायला लागत नाही. बायकोने बघितलं आणि रिकामे कॅन ओट्याखाली सरकवले.

बुधवारी कपाट आलं.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. मालकीण निवृत्त शाळामास्तरीण, एकटीच राहायला येत होती. कपाट एकसंध लाकडाचं, तिच्या आईचं. "खोलायचं नाही हं," बाई वरून ओरडल्या, "एकदा खोललं की दारं पुन्हा बसत नाहीत." मेहुण्याने वरचं टोक धरलं, क्रेन खाली गेला, ड्रायव्हर गाडीपाशी राहिला, आणि निघाले.

पहिला मजला नेहमीसारखा गेला. दुसऱ्याला क्रेनच्या लक्षात आलं की श्वास अगदी शांत आहे. छाती धडधडत नाही, गुडघे कुरकुरत नाहीत. डॉक्टरांनी त्याला त्या क्षणी तपासलं असतं तर पाठ थोपटली असती. फक्त बोटं. दुसरी सपाटी ओलांडून चार पायऱ्या झाल्या आणि हाताची बोटं एकेक करून रजेवर जायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. त्याने कपाट छातीवर घेतलं. कपाळ लाकडाला लावलं. दंडाला सांगितलं, चल. दंडाने ऐकलंच नाही.

"टेक," क्रेन म्हणाला.

वर मेहुणा हसला. "दाजी, थट्टा नको. मध्येच आहोत."

"टेक."

"अहो, कुठे टेकू? तुमच्या डोक्यावर?" मग त्याने कपाटाच्या कडेवरून खाली बघितलं, आणि त्याचा आवाज बदलला. "ड्रायव्हर! ए ड्रायव्हर! गाडी सोड, वर ये! पळ!"

ड्रायव्हर येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. क्रेन नुसता अंगाने अडवून उभा होता, भिंत उभी असते तसा. त्याला खाली जाता येत नव्हतं, वर जाता येत नव्हतं, सोडता तर अजिबातच येत नव्हतं. पाय पायरीवरून सूतसूत मागे सरकत होता, ते त्याला कळत होतं.

"थांबलात का हो?" बाईंचा आवाज.

"दोन मिनिटं, बाई," मेहुणा म्हणाला. त्याला पुढे काही विनोद सुचला नाही.

ड्रायव्हर आला, क्रेनच्या बगलेतून खांदा घातला, आणि तिघांनी कपाट चार पायऱ्या मागे घेऊन सपाटीवर उभं केलं. क्रेन भिंतीला टेकला. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

बाई ताटलीत केळं आणि बिस्किटं घेऊन आल्या आणि कपाटाच्या फटीतून हात पुढे केला. "उपाशीपोटी आलात ना? चेहऱ्यावरून कळतं मला, चाळीस वर्षं पोरं बघितलीत. खा आधी."

तिघंही त्याच्याकडे बघत होते. जणू केळं पोटात गेलं की झालं. क्रेनने सोललं, एक घास घेतला. तो गालात तसाच राहिला. बाई वर गेल्यावर त्याने तो हळूच रुमालात काढला.

मेहुण्याने ते बघितलं. "ताईला माहितीये?"

"सगळं माहितीये."

"मला नाही सांगितलंत."

"काय सांगू?"

मेहुण्याने वरच्या उरलेल्या पायऱ्या मोजल्या. मग तो म्हणाला, "दाजी, तुम्ही वर जा. मी खाली येतो."

"खाली मीच."

"दाजी."

एवढंच म्हणाला. कठड्यावरून टांग टाकून तो खाली उतरलासुद्धा. क्रेन कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरला. सात महिन्यांपूर्वी तिथून त्याची मांडी गेली नसती. आता पोट आत घ्यायचीही गरज पडली नाही.

"आयला, सुळकन गेला की क्रेन!" ड्रायव्हर म्हणाला. वाईट मनाने नाही, खरंच कौतुकाने.

एक तास लागला. मेहुण्याचा खांदा सोलून निघाला, एका पायरीचा कोपरा उडाला, पण कपाट बाईंच्या खोलीत गेलं आणि दारं एका झटक्यात उघडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत तिघं पुढे बसले. मेहुण्याचा फोन वाजला. मुकादम. तो नेहमीप्रमाणे एवढ्या मोठ्याने बोलत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. "उद्या सहावा मजला आहे, लिफ्ट नाही. तिजोरी आहे जुनी. क्रेन खाली ना?"

मेहुणा क्रेनकडे बघायला लागला. ड्रायव्हर समोर रस्त्याकडे, जरा जास्तच लक्ष देऊन.

क्रेनने हात पुढे केला आणि फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला. "मुकादम, मी बोलतोय. माझ्याने खाली नाही होणार. मला उद्यापासून पुठ्ठ्यावर बसवा."

मग मुकादम एवढ्या जोरात हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "सकाळपासून थट्टेला कुणी भेटलं नाही का तुला? ए, ऐकलं का, क्रेन म्हणतोय पुठ्ठ्यावर बसवा!" मागे गोदामातली सगळी हसली.

"खरं सांगतोय मी."

"हो हो. नऊ वाजता ये. आणि उचलायचे पट्टे आण, जड आहे साली." फोन कटला.

क्रेनने लगेच परत लावला. लागत होता, कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला.

"काय म्हणाले?" मेहुण्याने विचारलं, सगळं ऐकलेलं असूनसुद्धा.

"नऊ वाजता," क्रेन म्हणाला.